ओपन साईटवाल्यांना पण लेन द्या की

गेल्या मीटिंगला आमच्या एअर रायफलच्या क्लबात परत तोच विषय निघाला. ओपन साईटची (म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरायच्या साध्या गनची) पोरं संध्याकाळच्या बॅचला नकोत म्हणे, त्यांच्या गनचा आवाज होतो, बडबड करतात, कॉन्सन्ट्रेशन जातं. म्हणणारे कोण तर आमचेच पीप साईटवाले, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या महागड्या मॅच रायफलवाले, आणि त्यातले निम्मे दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतः ओपन साईट मारत होते बे! मी तिथं जेवढं बोलायचं तेवढं बोललो, पण पाच मिनिटात काय सांगणार, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची रेंज म्हणजे अक्कलकोट रोडच्या बाजूला पूर्वीचा लूमचा शेड आहे, मशिनी गेल्या, जागा राहिली, लांबी दहा मीटरला पुरून उरते म्हणून रेंज झाली. वर पत्रा. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असलं की आत कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट घालून उभं राहायचं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. एवढ्याशा जागेत येतात कोण कोण, तर मॅच एअर रायफलवाले, एअर पिस्तूलवाले, ओपन साईटची शाळकरी पोरं, एनसीसीत .२२ मारून आलेले आणि आता नाद लागलेले कॉलेजवाले, ५० मीटरची थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून मारायची इव्हेंट) करायची आहे पण सोलापुरात सोय नाही म्हणून दहा मीटरवरच निलिंग (गुडघ्यावर) आणि प्रोनचा (आडवं पडून) सराव करणारे दोघंतिघं, आणि रिटायर्ड काका मंडळी, जी टेबलावर गन टेकवून निवांत बेंचरेस्ट मारतात आणि मधेमधे शेंगाचटणीचा विषय काढतात.

पीप साईटवाल्यांचं म्हणणं असं की खरा गेम तो ऑलिंपिकचा, बाकी सगळा टाईमपास. मला हे कधीच पटलं नाही. आपली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली ती कशात, तर ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, आणि बायकांची ती इव्हेंट ऑलिंपिकमध्ये कधी नव्हतीच. पुरुषांची प्रोन होती ती पण २०१६ च्या रिओनंतर काढून टाकली. मग काय तेजस्विनीचं सोनं टाईमपास धरायचं का? ३०० मीटर रायफल १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये नाही, तरी तिची वर्ल्ड चॅम्पियनशिप होतीच आहे. ऑलिंपिकमध्ये काय राहतं आणि काय जातं ते टीव्ही, वेळ, मेडलची संख्या असल्या हिशोबावर चालतंय, नेमबाजी किती अवघड आहे यावर नाही.

आणि ओपन साईट सोपी आहे हा तर फार मोठा गैरसमज. पीप साईटमध्ये मागच्या बारीक भोकातून पुढची रिंग आणि रिंगमध्ये काळा गोल, डोळा आपोआप मध्य शोधतो. ओपन साईटमध्ये मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरावर आणि डोळा एका वेळी एकच नीट बघू शकतो, त्यात स्प्रिंगची गन असेल तर ट्रिगर दाबल्यावर आतला पिस्टन पुढं आदळतो आणि पेलेट (छर्रा) नळीतून बाहेर पडायच्या आत गन हललेली असते. म्हणजे शॉट सुटल्यावर पण तस्संच धरून राहायला लागतं, फॉलो थ्रू. टी-शर्टवर उभं राहून असल्या गनने ग्रुप बांधणारं (सगळे शॉट जवळजवळ मारणारं) पोरगं पुढं पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) हातात घेतं तेव्हा त्याला ती खेळणं वाटते. आमच्याकडचे चांगले रायफलवाले बहुतेक असेच वर आलेत.

आवाजाचं बघू. स्प्रिंगरचा (स्प्रिंगच्या गनचा) ठप्प आवाज येतो हे खरं, पत्र्याच्या शेडमध्ये जास्तच येतो. पण आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) फायनलमध्ये म्युझिक लावतात, पब्लिक ओरडतं, टाळ्या वाजवतं. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनचं ब्राँझ मारलं ते काय शांत देवळात बसून मारलं का? शेजारच्या लेनमधल्या ठप्पनं तुझा दहाचा आठ होत असेल तर भावा ते तुला स्टेटच्या (राज्य स्पर्धेच्या) आधी इथंच कळलं ते बरं झालं. (स्वप्नील तेव्हा आपल्या मध्य रेल्वेत टीसी होता, त्यामुळं त्या ऑगस्टात आमच्याकडं रेल्वे कॉलनीतली पोरं चौकशीला आली होती. त्यातली बरीचशी ओपन साईटवरच सुरू झाली कारण मॅच रायफल दोन-अडीच लाखाच्या घरात जाते, कुणाचा बाप लगेच देणार?)

खरी अडचण आवाजाची नाहीच, खरी अडचण उंचीची आहे आणि त्यावर मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. दहा मीटरच्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो, उभं राहून मारणाऱ्यासाठी. रायफल असो की पिस्तूल, उंची तीच, कार्ड फक्त वेगळं, रायफलचं ८० एमएमचं चौकोनी आणि पिस्तूलचं १७० एमएमचं. रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या एमएमचा ठिपका आणि पिस्तूलचा ११.५ एमएमचा, कारण पिस्तूल एका हातानं मारायचं असतं. त्यामुळं हे दोघं शेजारी शेजारी आरामात उभे राहू शकतात, ६० शॉट ७५ मिनिटात हे पण दोघांना सारखंच. पण प्रोनवाला जमिनीवर आडवा पडला की त्याची नळी जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, आणि तिथून १.४० वरच्या टार्गेटवर मारायचं म्हणजे नळी वर उचलायला लागते, पोझिशनची वाट लागते आणि चुकलेलं पेलेट मागच्या पत्र्याच्या वरच्या भागात जातं. ५० मीटरला टार्गेटचा मध्य पाऊण मीटरवर धरतात, तसा खालचा स्टँड वेगळा करायला पाहिजे. आम्ही भिंतीकडच्या दोन लेनला वेल्डिंगवाल्याकडून खाली-वर सरकणारा स्टँड करून घेतला, निलिंगला पण तोच चालतो, बेंचरेस्टवाल्या काकांना पण तोच. एका स्टँडनं तीन प्रकारची माणसं खपली. खर्च किती म्हणाल तर चांगल्या पेलेटचे चार डबे येतील तेवढा.

व्हीलचेअरवाल्यांना पण त्याच कडेच्या लेन दिल्यात, कारण नियमातली किमान एक मीटरची लेन चेअरला अपुरी पडते. अवनी लेखरानं टोकियोत आणि पॅरिसमध्ये सोनं मारलं ते आर-टू इव्हेंटमध्ये, चेअरवर बसून पण कोपर कुठं न टेकवता. आमच्याकडची एक मुलगी तेच करतेय. तिला दारात रॅम्प पाहिजे होता, तो झाला, आणि आता काकांची गुडघेदुखी पण त्याच रॅम्पवरून वर येते.

आता जिथं मी अजिबात ऐकणार नाही ते. सेफ्टीचा नियम सगळ्यांना एकच, गन दोन लाखाची असो की दहा हजाराची. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड ह्या कमांड एकच माणूस देणार. स्टॉप म्हटल्यावर शेवटचा एक शॉट म्हणणाऱ्यानं घरी जायचं. पीसीपी आणि पिस्तूलमध्ये सेफ्टी फ्लॅग (गन रिकामी असल्याची खूण) घातलेला दिसला पाहिजे, स्प्रिंगर खाली ठेवताना नळी मोडून उघडीच ठेवायची, म्हणजे लांबून कळतं. ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची गन) कॉक करायला, म्हणजे आतली स्प्रिंग ताणायला, जोर लागतो म्हणून पोरं अंग वळवतात आणि नळी शेजारच्याच्या पोटाकडं येते. ही सवय पहिल्याच दिवशी मोडायची, तोंड टार्गेटकडं ठेवूनच कॉक करायची, जमत नसेल तर दादाला सांगायचं, तो करून देईल. टोकदार पेलेट बंद, चपट्या डोक्याचंच आणायचं, कार्डावर गोल स्वच्छ भोक पडतं आणि स्कोरवरून भांडण होत नाही. .२२ ची एअरगन तर आणायचीच नाही. तिला लायसन्स लागतं आणि आमचे पेलेट ट्रॅप ४.५ एमएमच्या हिशोबाचे आहेत. खऱ्या .२२ रायफलचा तर प्रश्नच नाही, ती गोळी दीड किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, तिच्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला बालेवाडीची रेंज गाठायची.

बाकी टायमाचं म्हणाल तर सगळं एकत्रच करा असं मी पण म्हणत नाही. अगदी नवीन पोरं, ज्यांनी गन पहिल्यांदा हातात घेतली, त्यांची बॅच वेगळीच पाहिजे, त्यांच्यामागं एक माणूस पूर्णवेळ उभा लागतो. स्टेटच्या आधीचे पंधरा दिवस इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या लेन सिलेक्शनवाल्यांना द्या, त्यात वाद नाही. पण एरवी संध्याकाळी सगळ्यांना. कारण अजून एक, जे कोणी बोलत नाही ते मीच बोलतो, शेडचं भाडं आणि लाईट बिल कोणाच्या फीतून निघतं तर ओपन साईटच्या पोरांच्या. पीप साईटवाले आठ जण आहेत, त्यांच्या फीत तर ट्यूबलाईट पण येत नाहीत.

सर मीटिंगच्या शेवटी एवढंच म्हणाले, "महिनाभर सगळ्यांना एकत्र ठेवून बघू, स्कोरशीट माझ्याकडं द्या." त्यामुळं सध्या गुरुवारपासून संध्याकाळच्या सगळ्या लेन सगळ्यांना खुल्या आहेत, फक्त भिंतीकडच्या दोन प्रोन, बेंचरेस्ट आणि चेअरसाठी राखून. कुणाच्या घरी जुनी .१७७ ची (म्हणजे ४.५ एमएमची) ओपन साईट धूळ खात पडली असेल तर घेऊन या, आधी आम्ही तपासून देऊ. मारून झालं की हात साबणानं धुवायचे, पेलेट शिशाचं असतं, तसल्या हातानं भजी खायची नाहीत. आणि चप्पल घालून येऊ नका बे, बूट घाला.