लाल की हार्वेस्ट गोल्ड?

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा हीटर काढायचा म्हटलं की या गाडीचे जुने मालकसुद्धा कपाळाला हात लावतात. इंजिनमागच्या पत्र्यात तो डबा इतका घट्ट रुतलेला असतो की हलवत, ओढत अख्खी दुपार जाते. २०२२च्या मार्चमध्ये मी तो एकदाचा उपसून काढला. खाली ताटाएवढ्या जागेत पत्र्यावरचा रंग जसाच्या तसा होता, गुळगुळीत आणि चमकदार. पण तो लाल नव्हता. पिवळा म्हणावा तर तपकिरीकडे झुकणारा, तपकिरी म्हणावा तर बराच उजळ.

गाडी मात्र लाल होती. मी २०१९ मध्ये ती घेतली तेव्हाही लाल होती, आणि लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावरही, तेच लिहिलेलं होतं. १९७३ची रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची, क्रोमच्या बंपरची, १७९८ सीसी इंजिनाची, दोन एसयू कार्ब्युरेटरची. बॉनेट उघडलं की आतला पत्रा मळकट पिवळसर दिसायचा, पण तो तेलाचा, उष्णतेचा आणि पन्नास वर्षांच्या धुळीचा परिणाम असेल असं समजून मी तिकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. हीटरखालचा तुकडा पाहिल्यावर एक चिंधी रॉकेलमध्ये भिजवून इंजिनाशेजारची जागा पुसली. तोच रंग. इंजिनाभोवतीचा सगळा भाग मुळात त्या रंगाचा होता, आणि कुणीतरी बाहेरून तेवढी गाडी लाल केली होती.

हे सगळं नेमकं रंगकाम करायची वेळ आली असतानाच घडलं. दारांच्या खालच्या कडांना फोड आले होते, मागच्या चाकाच्या पुढे पत्र्याला बोट लावलं तर करकर आवाज यायचा. रंगवायची तर होतीच. प्रश्न एवढाच उरला, कुठला रंग?

आधी मूळ रंग कोणता ते कागदावर हवं होतं. माझ्या गाडीचा चेसिस नंबर जीएचएन५ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकारगट, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, पाच म्हणजे मालिका. रंगाचा त्यात पत्ता नाही. त्यासाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दफ्तरातून हेरिटेज सर्टिफिकेट काढावं लागतं. मी इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पाला राहतो, तिथून गेडन अर्ध्या तासाच्या आत आहे, पण सर्टिफिकेट टपालानेच आलं. गाडी कधी बनली, कधी रवाना झाली, इंजिन नंबर काय होता, सगळं कारखान्याच्या नोंदींवरून उतरवलेलं. आणि दोन ओळी ज्यांची मी वाट पाहत होतो: रंग हार्वेस्ट गोल्ड, आतली सजावट नेव्ही.

हार्वेस्ट गोल्ड हा ब्रिटिश लेलँडचा, म्हणजे तेव्हा एमजी ज्या कंपनीची होती तिचा, सत्तरच्या दशकातला रंग, कोड बीएलव्हीसी १९. तोच रंग मिनी आणि मॉरिस मरीना या साध्या गाड्यांवरही असायचा. म्हणजे हा काही स्पोर्ट्स कारसाठी राखून ठेवलेला रंग नव्हता. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. ॲबिंग्डनला एमजीचा कारखाना होता खरा, पण एमजीबीची बॉडी स्विंडनला तयार व्हायची, काउलीला रंगायची आणि मग ॲबिंग्डनला येऊन तिच्यात इंजिन, चाकं बसायची. हा रंग माझ्या गाडीवर चढला तो काउलीला.

लोकांना विचारायला सुरुवात केली आणि जितकी तोंडं तितकी मतं निघाली. क्लबातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, सर्टिफिकेटवर जो रंग तोच गाडीवर, यात विचार करण्यासारखं काही नाही. गाड्यांच्या खरेदी-विक्रीतले एक ओळखीचे म्हणाले, लाल एमजीबी एका शनिवारात विकली जाते, हार्वेस्ट गोल्ड उभी राहते. माझी बायको म्हणाली, "तू ती विकणार आहेस का? नाही ना? मग विकणाऱ्याला कशाला विचारतोस?" हे मला पटलं आणि किमतीचा मुद्दा मी तिथेच सोडून दिला.

खर्चाचं गणित मात्र मी बारकाईने केलं, आणि निर्णयाचं मूळ तिथेच सापडलं. गाडीचा रंग बदलायचा तर दोनच रस्ते असतात. एक, बाहेरून दिसतं तेवढं रंगवायचं. दुसरा, इंजिन, काचा, दारं, डॅशबोर्ड, वायरिंग सगळं उतरवून पत्र्याचा कोपरा न् कोपरा रंगवायचा. दुसऱ्याचा खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. आता, लाल ठेवायची आणि मनासारखी करायची तर मला दुसराच रस्ता धरावा लागला असता, कारण आतून ती लाल कधी झालीच नव्हती. उलट हार्वेस्ट गोल्डकडे परत जायचं तर इंजिनाभोवतीचा मूळ रंग तसाच राहू शकत होता. फक्त स्वच्छ करायचा. काउलीचा, १९७३चा रंग माझ्या गाडीवर अजून शाबूत होता, आणि लाल पूर्ण करण्यासाठी तोच खरवडून टाकावा लागणार होता. ते माझ्याने झालं नसतं.

तरी मी ठरवलं असं म्हणायला धजत नव्हतो, कारण लाल रंग कुणीतरी निवडलेला होता. गाडी ज्यांच्याकडून घेतली ते आधीचे मालक पंचाहत्तरीच्या पुढचे. गुडघे वाकत नाहीत, इतक्या बुटक्या गाडीत बसता येत नाही, म्हणून त्यांनी ती विकली होती. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, १९८७ मध्ये लग्नाआधी रंगवून घेतली. "मला पिवळी चालत होती. तिला लाल हवी होती." पैसे कमी होते, म्हणून इंजिन न काढता बाहेरूनच मारून घेतली. त्यांच्या पत्नी मी गाडी घेण्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर लालच ठेवतो. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी तुमची आहे. पण रंगवण्याआधी फोटो काढा आणि मला पाठवा." मी त्या रविवारी चाळीस फोटो काढले, छपाई करून अल्बमच पाठवला.

मग काम सुरू झालं. ज्या गॅरेजने सर्वांत कमी दर सांगितला होता त्यांचं म्हणणं होतं की लाल रंग थोडा घासून त्यावरच नवा मारू. तिथे मी दिली नाही. जाड, जुन्या, खालून सुटत चाललेल्या थरावर नवा रंग टिकत नाही, आणि खाली काय आहे हेही कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी, एका लहान वर्कशॉपमध्ये, पत्रा उघडा करायचं ठरलं. दारं-बॉनेटसारख्या सपाट भागांवर वाळूचा मारा करायचा नाही, पत्र्याला लाटा येतात, हे त्या कारागिराने मी विचारायच्या आधीच सांगितलं. रसायन आणि घासाई, एवढंच.

लालखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, निघाली. मागच्या डाव्या चाकाच्या पुढे तर बोटभर जाडीची. दाराखालच्या सिलवर जुन्या कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून दिलेला होता. एमजीबीत सिल म्हणजे नुसतं झाकण नव्हे. छत नसलेल्या गाडीचा बराचसा ताण तीच पेलते, बाहेरची सिल, मधला पत्रा आणि खालची कॅसल रेल नावाची पट्टी मिळून. ती कापताना गाडी नीट टेकवली नाही तर मधून वाकते आणि दार पुन्हा कधी सरळ बसत नाही. कारागिराने दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे जोडले, दार लावून वरची-खालची फट मोजली, मग एकेक बाजू कापली. या कामाला रंगापेक्षा जास्त दिवस लागले, आणि माझ्या मते सगळ्या खर्चातला हाच पैसा सर्वांत सार्थकी लागला.

मग रंग जुळवणं. मला वाटलं होतं कोड आहे म्हणजे झालं. दोन दुकानांतून बीएलव्हीसी १९ मिसळून आणला, दोन पत्र्यांवर मारला, तर एक लिंबाकडे झुकणारा आणि दुसरा हिरवट. कोड एक असला तरी आजची रंगद्रव्यं वेगळी, प्रत्येकाचा नुस्खा वेगळा. मग हीटरखालचा तुकडा कामी आला. तिथे ऊन कधी पोचलेलं नव्हतं. तो हलक्या पॉलिशने साफ करून त्यावर रंगमापक यंत्र धरलं आणि त्या आकड्यांवरून तिसरा नमुना तयार केला. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली तो हुबेहूब दिसला. बाहेर ढगाळ उजेडात नेला तर फिका. दोन रंगांतली द्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात फुटून दिसतात, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पाचव्या नमुन्याला मी हो म्हणालो. तोपर्यंत सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी असे तिन्ही वेळचे उजेड झाले होते.

तो पाचवा नमुना मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. आम्ही बार्शीकडचे, ज्वारीच्या मुलखातले. तिने पत्रा जवळ धरायला लावला आणि म्हणाली, "हा तर कडब्याचा रंग आहे रे. सुगीनंतर गंजी लागते ना, त्याचा." मी तिला रंगाचं इंग्रजी नाव तोवर सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं, सुगीचं सोनं असा अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, मग बरोबरच आहे की.

रंग चढवण्याचं फार सांगण्यासारखं नाही. एपॉक्सी अस्तराचा हात, त्यावर भरणारं अस्तर, त्यावर काळी पावडर फिरवून घासाई, म्हणजे खड्डे उघडे पडतात. मग टू-पॅक रंगाचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाचे, हात. या रंगात धातूची चमक नाही, त्यामुळे वरून पारदर्शक लॅकर लागत नाही, आणि जुन्या गाडीवर तेच खरं दिसतं. टू-पॅकमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आहे. कारागीर बाहेरून हवा येणारा मुखवटा घालून आत होता आणि मला त्याने अंगणाच्या पलीकडे उभं केलं होतं. हे घरी करायचा विचार कुणी करत असेल तर करू नये.

एक गोष्ट मी कारागिराला सोडून द्यायला सांगितली. डिकीत स्टेपनीच्या खाली, मूळ पिवळ्यावर १९८७च्या फवाऱ्यातले लाल शिंतोडे उडालेले होते, तळहाताएवढ्या जागेत. तो साफ करायला निघाला होता. मी म्हटलं, राहू द्या.

कागदपत्रं सोपी निघाली. रंग बदलला की लॉगबुकात कळवावं लागतं, त्याला पैसे पडत नाहीत. फॉर्मवर हार्वेस्ट गोल्ड चालत नाही, साधं रंगाचं नाव लागतं. मी बेज लिहिलं. विमा कंपनीला नवे फोटो पाठवले, गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेल्या पॉलिसीला ते हवेच असतात.

आतली नेव्ही सजावट अजून झालेली नाही. सीटं काळीच आहेत, पुढच्या हिवाळ्यात बघू. पहिले काही आठवडे मेण लावायचं नव्हतं, म्हणून नुसतं पाणी मारत होतो. त्याच दिवसांत आधीचे मालक मुलीबरोबर येऊन गेले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला सांगितलं, हीटरच्या डब्याकडे पाहिलं. मग मी डिकी उघडली, स्टेपनी बाजूला काढली आणि शिंतोडे दाखवले. त्यांनी वाकून त्यावर बोट फिरवलं. गुडघे वाकत नव्हते तरी बराच वेळ तसेच वाकलेले होते, मुलीने हात धरेपर्यंत.