मागं काय जोडलं होतं, भाऊ?

परतवाड्याहून बहिरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. पिकअप गाड्यांचे गिअरबॉक्स, क्लच आणि मागची हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधलं गिअरचं घर, एवढंच काम करतो. इंजिन नाही, डेंटिंग-पेंटिंग नाही, वायरिंगसाठी शेजारच्याकडे पाठवतो. २००८ मध्ये शेड टाकली तेव्हा मात्र जे येईल ते करायचो. दारात आलेला माणूस परत पाठवायची ऐपत नव्हती. दोन-तीन हंगाम गेल्यावर दिसायला लागलं की आमच्या पट्ट्यात पिकअपचं इंजिन सहसा टिकतं, बसतो तो गिअरबॉक्स.

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून निघायला लागतात आणि त्याच सुमारास कापूस जिनिंगच्या रस्त्याला लागतो. दोन्हीला गाडी एकच, पिकअप. संत्र्याचा भरलेला क्रेट साधारण २०-२२ किलोचा. १०० क्रेट चढवले की दोन टन झालेच, आणि गाडीच्या कागदावर असतात दीड-पावणेदोन टन. हंगाम नसला की तीच गाडी स्लॅबवाल्यांचा मिक्सर ओढते, लग्नात जनरेटर ओढते, नाल्यात फसलेला दुसऱ्याचा टेम्पो काढते.

म्हणून आमच्याकडे गाडी आली की पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न ठरलेला. मागं काय जोडलं होतं, भाऊ? उत्तरही ठरलेलं: "काईच नाही ना मिस्त्री, रिकामीच होती." मग मी मागे जाऊन हूक पाहतो. रंग घासून लोखंड चकाकत असेल, बोल्टाची भोकं लांबट झाली असतील, तर गाडीने ओढलंय. आता हे सगळं लिहायला वहीच ठेवली आहे: काय भरता, काय ओढता, घाटात कोणता गिअर असतो. काही लोकांना राग येतो. "डॉक्टर हायेस का तू? कायले इतकं इचारतं?" असंही ऐकून घेतलंय. पण ही वही नसती तर तुटलेलं गिअर काढून तसलंच दुसरं बसवत राहिलो असतो आणि पुढच्या हंगामात तीच गाडी पुन्हा दारात उभी दिसली असती.

सगळ्यात जास्त नुकसान पाचव्या गिअरचं पाहतो. या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो. इंजिनकडून आलेली ताकद थेट मेन शाफ्टला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या वरच्या दांड्याला मिळते, त्याच्या खालच्या ले-शाफ्टवर भार येत नाही. पाचव्यात तसं नाही. ताकद ले-शाफ्टवरून फिरून येते, आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पाचव्याची जोडी अगदी शेपटाला, मागच्या टोकाला बसवलेली असते. टर्बो डिझेल कमी आरपीएमलाही चांगलं ओढतं, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं गाडी पाचव्यात आरामात चालली आहे. डिझेल वाचतं म्हणून तो चौथा टाकत नाही. इंजिन खरंच आरामात असतं, पण मागे मिक्सर आणि वर माल असताना तो सगळा जोर शेपटाकडच्या दातांवर आणि ले-शाफ्टच्या बेअरिंगवर येत असतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यावर तिकडे नियमित फेऱ्या करणाऱ्या गाड्यांमध्ये हे आणखी दिसू लागलं, कारण तिथे चौथा टाकायची आठवणच येत नाही. आम्ही काम करून दिलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर स्टिकर लावतो: भरलेली गाडी, मागे ओझं, चौथा. ड्रायव्हर हसतात, पण सहसा काढत नाहीत.

दुसरं मोठं प्रकरण टोचनचं. बंद पडलेली गाडी दोर लावून पन्नास-साठ किलोमीटर ओढून आणायची आपल्याकडे पद्धतच आहे. न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे काही होत नाही, हा समज. पण मागची चाकं फिरली की हौसिंग आणि गिअरबॉक्स जोडणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, फिरतो, त्याच्यासोबत गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो. इंजिन बंद असल्यामुळे ले-शाफ्ट मात्र उभाच राहतो. ऑइलमध्ये बुडालेला असतो तो, आणि वर ऑइल उडवायचं काम त्याचंच. म्हणजे वरचा शाफ्ट कोरडा फिरत येतो. क्लचसाठी आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स रस्त्यातच तापून आतून निळा पडलेला मी पाहिलाय. २०१४ मध्ये आम्ही स्वतःची टोचन गाडी घेतली ती यासाठीच. आमची पोरं आधी हौसिंगकडचे बोल्ट खोलून प्रोपेलर शाफ्ट वर बांधतात, मगच दोर लावतात. पंधरा-वीस मिनिटं जातात. रात्री दोन वाजता रस्त्यावर उभ्या माणसाला ती फार वाटतात, पण त्यात तडजोड नाही.

ऑइलबद्दल थोडक्यात. हौसिंगचं जीएल-५ ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, कंपनीने पुस्तकात तेच लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर टाकताना दोन्हीचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना, सोसतातच असं नाही, आणि गुळगुळीतपणा जास्त झाला तर रिंग पकडही नीट धरत नाही. मग दुसरा-तिसरा टाकताना करकर सुरू होते. आणि ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड, पाहत जा. काळ्या मातीने तो बुजला की गरम हवेला वाट राहत नाही, सील ऑइल फेकतं. तापलेला गिअरबॉक्स नाल्याच्या पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. पावसाळ्यात चहासारखं ऑइल निघालं तर त्याचं कारण हे.

क्लचवर मात्र आमची गिऱ्हाइकांशी दरवर्षी भांडणं. "फक्त प्लेट टाका." गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच लागते, प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि क्लच दाबल्यावर तिला सोडवणारं रिलीज बेअरिंग सोबत न बदलता फक्त प्लेट टाकली तर चार महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यायची. चिखलात अर्धा क्लच धरून गाडी काढणाऱ्यांच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते त्या इंजिनच्या चाकावर, निळे डाग आणि बारीक चिरा असतात. तो लेथवर नीट करून घेतल्याशिवाय आम्ही नवी प्लेट बसवत नाही. ज्याला पटत नाही तो दुसरीकडे जातो. जाऊ द्यावं.

आवाज ओळखण्यात आमचा सेमाडोहकडचा पोरगा माझ्याही पुढे आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर आतलं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. एवढं तर गाडीमालकानेही घरबसल्या पाहावं.

मधली वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी ऐन संत्र्यात आली, सगळं काम उधारीवर गेलं आणि त्यातली थोडी उधारी अजून वहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत मालाच्या गाड्या चालू होत्या, पार्टची दुकानं बंद. तेव्हा घरच्यांनी हिशेब हाती घेतला, तो आजही त्यांच्याकडेच आहे, म्हणून आम्ही टिकलो.

मुलगा अमेरिकेतल्या डिझेल पिकअपचे व्हिडिओ दाखवतो. तिकडे ओढायच्या वजनासाठी जे२८०७ नावाची चाचणी आहे: पूर्ण वजनाचा ट्रेलर, ३८ अंशांच्या वर ऊन, एसी चालू, आणि ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ. मी म्हटलं, बहिरमच्या पुढे बैतूलकडे चढताना मे महिन्यात आपली रोज हीच चाचणी होते, फक्त एसी नसतो. पण तिकडच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, आणि ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता. इकडेही आता एखाद्या बागायतदाराकडे तसली पिकअप दिसते. तिला दोर लावून टोचन करणं तर आणखी वाईट, कारण तिचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद तर आत ऑइल फिरतच नाही. त्या गाड्या आम्ही उचलून नागपूरला पाठवतो, खोलत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, कापसाच्या धुळीत ते काम होणारं नाही.

मुलाला ते शिकायचंय. मार्चनंतर शेडच्या मागे एक बंद खोली बांधायची ठरली आहे. ती किती मोठी असावी यावर घरात दोन मतं आहेत, आणि पैसे घरच्यांकडे असल्यामुळे माझं मत तसं तिसरंच.