जोडीतला पहिला शब्द कुठे बसतो?

'आयदर'सोबत 'ऑर', 'नायदर'सोबत 'नॉर', 'नॉट ओन्ली'सोबत 'बट ऑल्सो', 'नो सूनर'सोबत 'दॅन'. इंग्रजीतल्या अशा जोडशब्दांची ही यादी बहुतेकांना शाळेपासून तोंडपाठ असते. तरीही वाक्य चुकतं, कारण घोळ बऱ्याचदा दुसऱ्या शब्दाचा नसतोच. पहिला शब्द भलत्या जागी जाऊन बसलेला असतो.

हे वाक्य घ्या: 'शी नॉट ओन्ली स्पीक्स इंग्लिश बट ऑल्सो फ्रेंच.' कानाला खटकत नाही. पण 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद आलंय आणि 'बट ऑल्सो'पुढे नुसतं नाम. तपासायची रीत सोपी आहे. 'नॉट ओन्ली'पासून 'बट ऑल्सो'पर्यंतचा मजकूर, हे दोन्ही शब्द धरून, बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. उरतं 'शी फ्रेंच'. वाक्य मोडलं. आता 'शी स्पीक्स नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो फ्रेंच' हे झाकून बघा. 'शी स्पीक्स फ्रेंच' उरतं, म्हणजे बरोबर. क्रियापदं दोन असतील तर जोडीतला पहिला शब्द क्रियापदाआधी जातो: 'शी नॉट ओन्ली स्पीक्स फ्रेंच बट ऑल्सो टीचेस इट.'

हीच रीत शब्दयोगी अव्ययाची चूकही पकडते. 'ही इज इंटरेस्टेड नायदर इन म्युझिक नॉर पेंटिंग' यात झाकल्यावर 'इंटरेस्टेड पेंटिंग' राहतं, 'इन' गायब. मग एकतर 'इन' दोनदा लिहा, 'नायदर इन म्युझिक नॉर इन पेंटिंग', नाहीतर 'इन' जोडीच्या बाहेर काढा, 'इन नायदर म्युझिक नॉर पेंटिंग'. अर्धवट काही ठेवू नका.

वाक्याची सुरुवातच 'नॉट ओन्ली'ने झाली आणि ते क्रियेला लागू असेल, तर ही रीत चालत नाही. तिथे सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'नॉट ओन्ली डिड शी सिंग, बट शी ऑल्सो डान्स्ड.' 'बट' आणि 'ऑल्सो' यांच्यामध्ये कर्ता घुसला तरी चालतो. मात्र 'नॉट ओन्ली' कर्त्यालाच लागू असेल तर असली उलटापालट करायची नाही: 'नॉट ओन्ली द प्लेयर्स बट ऑल्सो द कोच वॉज अँग्री.'

वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या 'नो सूनर'लाही हीच उलटापालट लागते, आणि इथे क्रियापदाचं रूप हमखास चुकतं. 'हॅड' वापरलं तर पुढे तिसरं रूप: 'नो सूनर हॅड ही सीन द पोलीस दॅन ही रॅन अवे.' 'डिड' वापरलं तर पहिलं रूप: 'नो सूनर डिड ही सी...' 'डिड ही सॉ' कधीच नाही. 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, म्हणून त्याच्यामागून 'दॅन' येतं. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांत तुलना नाही, म्हणून तिथे 'व्हेन'. एवढं लक्षात ठेवलं की परीक्षेत गोंधळ होत नाही.

आपल्या 'जरी-तरी'मुळे एक खास मराठी चूक होते: 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.' 'दो' असेल तर 'बट' नको. 'येट' चालतं, पण आजकाल तेही बहुतेक वेळा गाळतात, स्वल्पविराम पुरतो. तशीच 'जोपर्यंत येत नाही तोपर्यंत'ची गत. मराठीतला हा 'नाही' इंग्रजीत न्यायचा नाही, कारण तो 'अन्टिल'च्या पोटातच आहे. 'वेट अन्टिल ही कम्स' एवढंच पुरे. 'अन्टिल ही डझ नॉट कम' लिहिलं की फसलंच.

आता क्रियापद आणि सर्वनाम. 'बोथ-अँड'ने जोडलेल्या कर्त्यांना अनेकवचनी क्रियापद लागतं. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' आणि 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' यांत क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं: 'नायदर द कॅप्टन नॉर द प्लेयर्स वेअर रेडी.' एक कर्ता एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर अनेकवचनी नंतर ठेवा, म्हणजे पुढचं 'देअर'ही आपोआप जमतं. दोन्ही एकवचनी पुरुष असतील तर 'हिज': 'नायदर रवी नॉर अमित ब्रॉट हिज बुक.' 'आयदर ही ऑर आय अ‍ॅम राँग' हे नियमात बसतं, पण वाचताना अडखळायला होतं. त्यापेक्षा 'आयदर ही इज राँग ऑर आय अ‍ॅम' लिहावं.

'आय' की 'मी' (इंग्रजीतलं 'me'), 'ही' की 'हिम' हे ठरवायला जोडी फोडा आणि एकेक सर्वनाम वेगळं लावून बघा. 'शी इनव्हायटेड बोथ हिम अँड आय' यात 'शी इनव्हायटेड आय' कोणी म्हणेल का? मग 'बोथ हिम अँड मी'. 'बिटवीन'ला मात्र फोडून बघता येत नाही. तिथे सरळ लक्षात ठेवा: 'बिटवीन यू अँड मी'. 'बिटवीन यू अँड आय' हे ऐकायला रुबाबदार वाटतं, म्हणूनच शिकलेली माणसंही ते म्हणतात. शिवाय 'बिटवीन'ची जोडी 'अँड'शी आणि 'फ्रॉम'ची 'टू'शी. 'बिटवीन टेन टू ट्वेल्व्ह' चूक.

'मायसेल्फ'ला कर्ता करू नका. 'रवी अँड मायसेल्फ वेंट' नाही, 'रवी अँड आय वेंट'. एकवचनी सर्वनामं एकत्र आली की पारंपरिक क्रम 'यू, ही अँड आय' असा, आणि चुकीची कबुली देताना उलटा, 'आय' आधी. 'एव्हरीवन'नंतर क्रियापद एकवचनीच. सर्वनाम जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'हिज' असतं, आजच्या लेखनात 'देअर' सर्रास दिसतं. परीक्षेच्या पर्यायांत दोन्ही आले, तर पेपर जुन्या वळणाचा आहे का ते बघून 'हिज' निवडा. एरवी 'देअर' लिहायला हरकत नाही.