नॉबने सरकवलेला आवाज

एका गायिकेने मला कळवले की, मी पाठवलेल्या तिन्ही मिक्समध्ये (गाण्यातले सगळे आवाज एकत्र बसवून केलेल्या फाइलींत) तिचा आवाज किंचित डावीकडे झुकलेला आहे. मी मूळ फाइल उघडली, तर खरोखरच तिन्ही गाण्यांत आवाज मी स्वतःच डावीकडे सरकवलेला होता. रात्री काम करताना स्पीकर अगदी हळू ठेवावे लागतात आणि त्या पातळीवर तो मला उजवीकडे ऐकू येत असे, म्हणून मी तो मधोमध आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंना एकच मोनो ध्वनी सोडला आणि मॉनिटर कंट्रोलरचा, म्हणजे स्पीकरच्या आधी जोडलेल्या आवाज कमी-जास्त करण्याच्या पेटीचा, नॉब हळूहळू खाली आणत गेलो. मोठ्या आवाजात प्रतिमा, म्हणजे ध्वनी जिथून येतो असे भासते ती जागा, नेमकी मध्यभागी होती, शेवटच्या टप्प्यात मात्र ती उजव्या स्पीकरकडे घसरत गेली. मॉनिटर कंट्रोलरच्या आउटपुटच्या केबली आपसांत बदलल्या, तेव्हा ती डावीकडे गेली, म्हणजे स्पीकर निर्दोष होते. त्या पूर्ववत करून इनपुटच्या केबली बदलल्या, तेव्हा तिने बाजू बदलली नाही. दोष माझ्या हाताने बनवलेल्या पेटीतच होता.

तिची रचना साधी होती. बॅलन्स्ड जोडणीतील, म्हणजे एकच ध्वनी दोन तारांतून उलटसुलट नेणाऱ्या जोडणीतील, प्रत्येक तारेत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यांच्या पुढे दोन तारांमध्ये आडवा जोडलेला पोटेन्शिओमीटर (पॉट), म्हणजे नॉब फिरवून बदलता येणारा रोध. त्याचा रोध कमी झाला की आवाज कमी होतो. ही रचना मला आजही आवडते, कारण दोन तारांचा तोल फक्त त्या दोन रेझिस्टरांवर अवलंबून राहतो आणि ते मी मोजून, जोड्या लावून निवडले होते. मात्र ४० डेसिबल खाली उतरायचे, तर आडवा रोध १०० ओहमच्या आसपास लागतो आणि माझ्या १० किलोओहमच्या जोड-पॉटमध्ये (एकाच नॉबवर डाव्या-उजव्या बाजूंचे दोन पॉट) तो पट्टीच्या अगदी टोकाशी येतो, जिथे दोन कार्बनपट्ट्या क्वचितच सारख्या वागतात. ४०० हर्ट्‌झचा १ व्होल्टचा ध्वनी देऊन मोजले, तेव्हा उजवीकडे १३.१ आणि डावीकडे ९.६ मिलिव्होल्ट आले. म्हणजे जवळजवळ २.७ डेसिबलचा फरक.

मी पॉट काढून त्या जागी दोन मजल्यांचा, बारा टप्प्यांचा रोटरी स्विच बसवायचे ठरवले. अकरा टप्पे चार-चार डेसिबलचे आणि शेवटचा पूर्ण शांततेचा. एक टक्का अचूकतेचे बावीस रेझिस्टर स्विचच्या पायांना सोल्डर करण्यात दुपार गेली.

स्पीकर जोडण्याआधी पेटीचे आउटपुट ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात ध्वनिमुद्रित करून पाहावे, असे वाटले आणि ते फार बरे झाले. पडद्यावरील लहरीत प्रत्येक टप्प्याच्या जागी एक उंच सुळका उभा होता, थेट मूळ पातळीपर्यंत पोहोचलेला. स्विचचा काटा एक संपर्क सोडून दुसऱ्यावर जाताना क्षणभर कुठेच टेकत नव्हता. आडवा रोध नाहीसा झाला की या रचनेत आवाज कमी होत नाही, पूर्ण सुटतो. शांत रात्री तो धक्का स्पीकरला आणि कानांना बसला असता. नेहमीच्या व्होल्यूम नॉबमध्ये अशा क्षणी सहसा आवाज तुटतो, इथे नेमके उलटे घडते, आणि आडव्या रोधाची पेटी बांधणाऱ्याने हे आधी ठाऊक करून घ्यावेच.

पुढचा संपर्क पकडल्यावरच मागचा सोडणारा स्विच हवा होता. जुन्या उपकरणांतून काढून ठेवलेले स्विच डब्यातून काढले, मल्टीमीटर बीपवर ठेवला, शेजारच्या दोन पायांना टोके लावली आणि खुंटी केसभर सरकवत गेलो. दोन स्विच मुके राहिले. तिसऱ्यावर दोन टप्प्यांच्या अधेमधे बीप वाजली. सगळे रेझिस्टर उतरवून त्यावर पुन्हा लावताना संध्याकाळ झाली, पण यावेळच्या लहरीत सुळक्यांच्या जागी फक्त बारीक खाचा होत्या, कारण क्षणभर दोन रेझिस्टर समांतर येऊन आवाज किंचित दबत होता. उणे ४० च्या टप्प्यावर १०.५ आणि १०.४ मिलिव्होल्ट मिळाले.

रात्री नेहमीच्याच हळू पातळीवर तिन्ही मिक्स उघडले. गायिकेचा आवाज आता मलाही डावीकडे ऐकू येत होता. तिन्हींत तो पुन्हा मधोमध आणला आणि झोपण्यापूर्वी तिला नव्या फाइली पाठवून दिल्या.