आंब्यावरची मुळं

पाडवा होऊन आठेक दिवस झाले होते. शहापुरातल्या एका जुन्या घरातून निरोप आला. परसातल्या आंब्यावर बांडगुळं वाढलीत ती काढायची, आणि लेकीनं बेंगळूरहून आणलेलं ऑर्किड मरायला टेकलंय तेही बघायचं. शिडी, कोयता आणि कात्री घेऊन गेलो.

ऑर्किड सोप्यात होतं, फॅलेनॉप्सिस. पानं सुरकुतून खाली पडलेली. आजींनी ते चिनीमातीच्या कुंडीत तांबड्या मातीत लावून वर शेणखत घातलं होतं. कुंडीला भोक नव्हतं.

"रोज तांब्याभर पाणी घालतो मी. खरं पानं लोळायलीतच. पाणी कमी पडत असंल काय रे?"

कुंडी उपडी केली तसा कुजका वास आला. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात यायची, आत नुसता दोरा. मुळंच मेल्यावर पाणी पिणार कोण? पानं त्यामुळं सुकली होती. धड मुळं तीनच निघाली. मधोमध नर्सरीतली जाळीदार प्लास्टिकची वाटी, तिच्यात ओलं गच्च शेवाळ. ही वाटी मी कितीतरी झाडांच्या पोटात बघितलीय. विकताना कुणीतरी दोन शब्द सांगायला हवेत, असं मला दर वेळी वाटतं.

आजींना समजावत होतो, पण माती नको म्हटलेलं त्यांना पटेना. मग आधी आंब्यावर चढलो. एक बांडगूळ खरंच बांडगूळ होतं. जिथं चिकटलं तिथं फांदी सुजलेली, पुढं वाळलेली. ते फांदीसकट छाटलं. दुसरं खालच्या बेचक्यात होतं, आणि तिथं कोयता थांबला. सूज नाही, नुसती पांढरी जाड मुळं सालीवरून सरपटलेली. सीतेची वेणी! म्हणजे आपल्याकडचं रानातलं ऑर्किडच. फुलायला अजून महिना-दीड महिना होता, म्हणून कुणी ओळखली नव्हती.

आजींना बेचक्यापाशी बोलावलं. तांब्यातलं थोडं पाणी एका मुळावर ओतलं. पांढरं मूळ बघता बघता हिरवं झालं. वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. आजींनी बोट लावून बघितलं.

"म्हणजे हे आंब्याला खात न्हाई?"

"न्हाई आजी. नुसतं बसलंय. वाऱ्यापावसावर जगतंय."

"आणि त्याच्या भावाला मी मातीत पुरलो होतो की रे!"

पुढचं काम त्यांनी शेजारी बसून करून घेतलं. कात्री गॅसवर तापवली, कुजकी मुळं छाटली, कापलेल्या तोंडांना त्यांच्याच डब्यातली दालचिनीची पूड लावली. चांगल्या मुळांना ती लागू द्यायची नाही, सुकवते. पारदर्शक डब्याला तापल्या खिळ्यानं भोकं पाडली आणि कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून धुतलेली नारळाची सोडणं घालून झाड बसवलं. पाच-सहा दिवस पाणी बंद. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. दुसऱ्याच दिवशी फोन, "शिंतोडा तरी मारू काय?"

मिरगाचा पाऊस लागल्यावर परत गेलो. दोन पानं गळाली होती. बुडातून मात्र हिरव्या टोकाचं नवं मूळ डब्याच्या काठावरून बाहेर डोकावत होतं. फूल यायला अजून बराच काळ जाईल, तसं सांगितलंही. आजींनी माझ्याकडून लेकीला फोटो धाडून घेतला तो त्या मुळाचा.