संत्र्याचा रस्ता बेनापोलवरून जातो

संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या पिकाचा, सौदा जवळ आला की अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरुड-मोर्शीकडे नागपूर मंडीच्या आधी ढाक्याची खबर विचारतात. व्यापारी बागेत येतो, झाडाखालून फिरतो, फळ दाबून बघतो आणि बाबांना म्हणतो, "काकाजी, मालात खोट नाही जी. पण तिकडचा टॅक्स भरून मले काय उरन?"

तिकडचा टॅक्स म्हणजे बांगलादेशचं आयात शुल्क. २०१९ मध्ये ते किलोमागे २० रुपये होतं. चढत चढत २०२३ ला ८८ रुपयांवर गेलं. एवढा तर बागेत आमच्या फळाला भावही मिळत नाही. तिकडचं गिऱ्हाईक आटलं आणि बाहेर जाणारा माल देशातल्याच मंड्यांत येऊन पडला. राज्य सरकारने निम्म्या शुल्काइतकं निर्यात अनुदान जाहीर केलं, पण दुसऱ्या देशाने लावलेला कर आपल्या तिजोरीतून किती वर्षं भरणार?

"दुसरीकडे विका" असं सांगणाऱ्यांनी एकदा नागपुरी संत्रं हातात घ्यावं. साल सैल, सोलायला सोपं, रस भरपूर, आणि म्हणूनच ते फार दिवस टिकत नाही. जहाजात आठवडेच्या आठवडे काढणं त्याला सोसत नाही. ट्रकने कोलकाता, पुढे सीमेवरचं पेट्रापोल, सीमेपलीकडे बेनापोलला उतरवून तिकडच्या ट्रकमध्ये भरायचं, एवढा प्रवास मात्र त्याला झेपतो. (आमच्या भागातली काही कलमं रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. ते रंगपूर आज बांगलादेशात आहे.)

हे शुल्क का वाढलं? डॉलर वाचवायला ढाक्याने २०२२ मध्ये आयात फळांवर जादा शुल्क लावलं, हे एक कारण. दुसरं आमच्याकडे प्रत्येक शेतकरी सांगतो: कांदा. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने एकाएकी कांदा निर्यात बंद केली आणि ढाक्यात किलोचा भाव तिकडच्या चलनात दोनशे टाक्यांच्या वर गेला. त्यांना विमानाने कांदा आणावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. मग डिसेंबर २०२२ ला दिल्लीत बांगलादेशच्या वाणिज्यमंत्र्यांनी भारताकडे तांदूळ, गहू, साखर, कांदा यांचा वर्षाचा ठरलेला कोटा मागितला. मला ती मागणी अगदी रास्त वाटते. वर्षभरात, ८ डिसेंबर २०२३ ला, आपण कांदा पुन्हा बंद केला. ज्या शेजाऱ्याला आपण असं तीनदा अडवलं, त्याने आपल्या संत्र्याची काळजी का करावी?

दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, २००६ पासून लागू आहे. तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आग्नेय आशियातल्या आसियान देशांत तो चौथ्या हिश्श्याच्या घरात आहे. साफ्टात प्रत्येक देशाला आपल्या ज्या मालाला धक्का लागू द्यायचा नाही त्याची यादी सवलतीबाहेर ठेवता येते, आणि शेतमाल अशा याद्यांत हमखास जाऊन बसतो. मोठे करार होतील तेव्हा होवोत. मला त्याआधी एक छोटा सौदा हवा आहे: बंदी आली तरी बांगलादेशच्या वाट्याचा कांदा थांबणार नाही, आणि आंबिया आणि मृग (पावसाळ्यात फुलणारा) या दोन्ही बहारांच्या तोडणीच्या महिन्यांत संत्र्यावरचं शुल्क ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. नाशिककडच्या निफाडचा कांदेवाला आणि वरुडचा संत्रेवाला आजवर वेगवेगळी निवेदनं देत आले. ही मागणी दोघांनी मिळून दिल्लीला न्यावी, तीही यंदाचा आंबिया उतरायच्या आत.