शिडाच्या बोटीवर मोटर, नोंद ३ : सेल आणि चार्जर पक्के

वॉटरलाइन (पाण्याच्या रेषेवरची लांबी) ७.५ मीटर, वजन ३ टन, विजेची मोटर ६ किलोवॅट, प्रणाली ४८ व्होल्ट.

आधी भूक किती ते बघू. ४ नॉटला, म्हणजे तासाला ४ सागरी मैलांना, १.५ किलोवॅट धरले आहेत. ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ५ नॉटला लगेच ३ किलोवॅट. २८० अँपिअर-अवरचे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल म्हणजे १४.३ किलोवॅट-अवर, त्यातले वापरायचे ८० टक्के, म्हणजे ११.४. यात ४ नॉटने ३० सागरी मैल होतात, ५ नॉटने जेमतेम २०. एका नॉटची हाव दहा मैल खाते.

हे सेल प्रत्येकी साधारण ५.४ किलोचे, म्हणजे सगळे मिळून ८६ किलो. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर तेवढ्याच कामाला ६०० किलोच्या आसपास शिसं वाहावं लागतं. तो विषय तिथेच संपला.

चार्जरवर मात्र बरीच घासाघीस झाली. सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, १६ सेलचे ५८.४. बहुतेक एलएफपी चार्जर याच आकड्यावर लावून येतात. इथे तो ५५.२ वर, म्हणजे सेलमागे ३.४५ वर आणला आहे. ३.४५ च्या वर सेलमध्ये फारसं काही भरत नाही, व्होल्टेज तेवढं सरळ वर धावतं. सोळापैकी एखादा सेल आधी ३.६५ ला टेकतो आणि बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पॅक तोडतो. म्हणून चार्जर घेताना व्होल्टेज बदलता येतं का, हे पहिलं बघा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर लावायचा मोह टाळा. त्याचा इक्वलाइज मोड (सेल सारखे करायला मुद्दाम जास्त भरणं) ६० व्होल्टच्या वर जातो.

३० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवर साधारण ८ अँपिअर ओढतो आणि १० ते ९० टक्के साडेसात तासांत भरतो, म्हणजे एका रात्रीत. ६० चा घेतला तर जेटीवरचं १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं व्यापलं जातं; कुणी किटली लावली की अंधार. पंख्याचा चार्जर नको, खारी हवा आत ओढून बोर्ड गंजवतो. बंद खोक्याचा घ्या आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या फिन उभ्या राहतील असा बसवा. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नाही, तेव्हा तापमानाचा सेन्सर असलेलाच बीएमएस हवा.

आता रीजन, म्हणजे शिडावर चालताना पाण्याने फिरणाऱ्या प्रोपेलरकडून मोटरमार्फत बॅटरी भरणं. शिडं भरलेली, प्रोपेलर फिरतोय, पॅक भरलेला, आणि नेमका तेव्हाच बीएमएसने पॅक तोडला तर मोटरचा करंट जायला वाट राहत नाही. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवरचं व्होल्टेज उसळतं आणि त्यातले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतात. म्हणून ९० टक्क्यांवर रीजन बंद, आणि बीएमएसची सूचना आधी कंट्रोलरला, तोडणं नंतर. टक्केवारी शंटवरून, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजणाऱ्या पट्टीवरून, घ्यायची. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतकं सपाट असतं की व्होल्टमीटर काहीच सांगत नाही.

पूर्ण ताकदीला करंट १२० अँपिअर. केबल ५० चौरस मिलिमीटर, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची. फ्यूज २०० अँपिअरचा, क्लास टी प्रकारचा, बॅटरीच्या धन टोकाला चिकटून. एएनएल प्रकारचा फ्यूज स्वस्त पडतो, पण बऱ्याच एएनएलवर ३२ व्होल्ट छापलेलं असतं ते वाचा. कंट्रोलरचे कपॅसिटर भरायला ५० ओहमचा प्रीचार्ज रेझिस्टर (मुख्य स्विच लावण्याआधी हळूहळू भरणारा), बटण तीन-चार सेकंद दाबून. नाहीतर मुख्य स्विचचे संपर्क पहिल्याच ठिणगीत भाजतात.

सध्या टॉप बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल पूर्ण भरून एका पातळीला आणणं, चालू आहे. सोळाही सेल सुरुवातीपासून समांतर जोडून १० अँपिअरने भरायला बसलं तर आठवडे जातात. आधी बीएमएससकट ओळीत भरले, पहिला सेल ३.६ ला येताच सोडवले आणि मग समांतर जोडले. पॉवर सप्लायवर ३.६५ लावायचं ते सेल जोडण्याआधी. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, करंट कमी दिसतो आणि हात आपसूक नॉबकडे जातो. तिथेच सेल मरतात: शेवटी करंट उतरला की वायरीतली घट नाहीशी होते आणि वाढवलेलं व्होल्टेज थेट सेलवर येतं. नॉबवर चिकटपट्टी लावली आहे. वायरी जाड केल्या. मल्टिमीटर सेलच्या टोकांवरच.

आत्ता ३.५८ व्होल्ट, ७ अँपिअर. करंट २ च्या खाली आला की बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ओळीत लावायचे. ॲल्युमिनियमच्या टोकांवरचा ऑक्साइड घासून काढून लगेच, तासाभराने नाही.